चार नंबरच्या खोलीतला पेशंट

वर्लीन टॅकेटच्या मते ती नर्स होतीच! आता कॉलेजने तसं मान्य करायचं तेवढं बाकी होतं, आणि त्यात काही विशेष नाही, असं ती भेटेल त्याला सांगत होती.

"अठरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीत मी," ती नवऱ्याला ऐकवायची. "कुत्रा काय आणि माणूस काय! आतून सगळे सारखेच. उलट माणूस बरा. चावत तरी नाही!"

"माझ्या आईला विसरलीस वाटतं," डेलबर्ट म्हणायचा आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचा. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांवर ओरडून झाल्यावर घरी वापरायला त्याच्याकडे फारसे शब्द उरत नसत.

वर्लीनच्या फुशारकीवर हसू नका. बाईला गरज होती. डॉक्टर यॉडर म्हातारे झाले होते आणि त्यांनी दवाखाना एका मोठ्या कंपनीला विकायला काढला होता. कंपनीची दोन गुळगुळीत माणसं येऊन बघून गेली. वर्लीनच्या टेबलापाशी थांबून त्यांनी हसत हसत सांगितलं, की इथे आता नावनोंदणीचा टचस्क्रीन पडदा बसेल. मालकाने बोटाने दाबायचं, कुत्र्याने बसायचं. संपलं! अठरा वर्षं जिथे वर्लीन होती तिथे आता काच येणार होती.

म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने मडी क्रीक कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगचा ध्यास घेतला. दोन वर्षं कामावरून सुटल्यावर तिने शरीरशास्त्राचे, जंतूंचे, रसायनाचे वर्ग केले. फ्रीजच्या दारावर हाडांची चित्रं लावली. फ्रीजमधून दूध काढता काढता डेलबर्टलासुद्धा मनगटातली हाडं पाठ झाली. मार्क उत्तम पडले. अभ्यासात बाई खरंच हुशार होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा विश्वास बसणार नाही.

पण नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळत नसे. जागा थोड्या, उमेदवार पोत्याने! गावातलं इस्पितळ दर आठवड्याला पेपरात रडायचं, 'नर्सेस मिळत नाहीत!' कॉलेज म्हणायचं, 'जागा वाढवल्या असत्या, पण शिकवायला नर्सेस मिळत नाहीत!' आणि शिकवायला का मिळत नाहीत, तर इस्पितळ पगार जास्त देतं म्हणून. हे त्रांगडं टकर्सबर्ग गावात सगळ्यांना कळत होतं. सगळे त्यावर गंभीरपणे मान हलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

वर्लीनला असल्या गोष्टींची धास्ती नव्हती. मुलाखतीचं बोलावणं आलं त्याच दिवशी तिने नर्सचा निळा पोशाख विकत घेतला. छातीवर टांगायचं उलटं घड्याळ घेतलं. तो पोशाख घालून ती किराणा आणायला गेली. मटणाच्या काउंटरवरच्या माणसाने तिला बाजूला घेऊन आपल्या काखेतलं गळू दाखवलं. तिला आभाळ ठेंगणं झालं!

मुलाखतीच्या सकाळीही तिने तोच पोशाख चढवला.

डेलबर्टने पेपर खाली केला. "प्रवेश मिळायच्या आधी गणवेश?"

"छाप पडते!"

"पडते खरी," डेलबर्ट म्हणाला. "कुणावर, तो प्रश्न आहे."

आता हे बघा, इथून गाडी घसरली.

कॉलेजच्या दाराशी उमेदवारांचा घोळका उभा होता. विशीतल्या पोरी, दोन-चार पोरगे, सगळ्यांच्या अंगात इस्त्रीच्या काळ्या विजारी आणि चेहरे पिठासारखे पांढरे. तेवढ्यात निळ्या पोशाखातली, उलटं घड्याळ लावलेली, गळ्यात साखळीचा चष्मा घातलेली बाई ताडताड चालत आली. सगळे एकदम सरळ उभे राहिले.

"मॅडम, मुलाखती कुठे आहेत?" एका पोरीने अदबीने विचारलं.

मॅडम! अठरा वर्षांत वर्लीनला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. कुत्र्यांचे मालक तिला 'अहो ताई, आमचा मोती ओकला' एवढंच म्हणायचे. 'मीपण तुमच्यातलीच' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथूनच परत गेलं.

"सरळ जा. मग डावीकडे," ती म्हणाली. "आणि तू, केस बांध. तोंडात काय आहे? च्युइंगम? थुंक आधी!"

पोरीने थुंकलं. सगळा घोळका रांगेने सरळ गेला आणि डावीकडे वळला.

डावीकडे वेल्डिंगचं वर्कशॉप होतं.

थोड्या वेळाने तोंडावर लोखंडी मुखवटा चढवलेला एक आडदांड मास्तर ती सगळी वरात घेऊन उलटा आला. "या पोरांना माझ्याकडे कुणी धाडलं? एकीची बाही जळता जळता राहिली! कोण ती निळ्या कपड्यातली बाई?"

निळ्या कपड्यातली बाई तोवर बाथरूममध्ये शिरली होती. आतून कडी लावून कानोसा घेत बसली होती.

आणि नेमकं त्याच वेळी सभागृहात विभागप्रमुख डॉक्टर ऑस्ट्रँडर बाई उमेदवारांना समजावून सांगत होत्या. "घाबरू नका. मुलाखतीआधी एक छोटी परीक्षा आहे. चार नंबरच्या खोलीत पेशंट झोपलेला असेल. तो खरा पेशंट नाही, नट आहे! त्याच्याशी तुम्ही कसं बोलता, धीर कसा देता, एवढंच आम्ही शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघणार. घंटा वाजली की बाहेर यायचं. कळलं?"

सगळ्यांना कळलं. एकीला सोडून.

मग परीक्षक कॉफी आणि डोनट खायला गेले. उमेदवार नखं खात बसले. मुखवटेवाला मास्तर गेल्याची खात्री करून वर्लीन हळूच बाथरूमबाहेर आली. पॅसेज मोकळा होता. आणि एका दारामागून आवाज आला.

"आई गंऽऽऽ!"

दारावर चारचा आकडा होता.

आतल्या माणसाची ओळख करून देतो. हॉलिस फेनविक हा दिवसा गाद्या विकायचा. पण आत्मा नटाचा! गावातल्या हौशी नाटक मंडळीत तो वीस वर्षं होता आणि वीस वर्षं ट्रे घेऊन येणारा नोकर होता. ईस्टरच्या नाटकात तो तिसरा शिपाई असायचा. पहिल्या शिपायाला भाला असायचा, दुसऱ्याला एक वाक्य असायचं, तिसरा नुसता उभा. असा हा माणूस आज पहिल्यांदा नायक झाला होता! नाव अर्नेस्ट बिगरस्टाफ, निवृत्त खाणकामगार, तळलेली कोंबडी खाल्ल्यावर पोटात दुखतं. कॉलेजने एकच अट घातली होती: घंटा होईपर्यंत भूमिका सोडायची नाही. हॉलिस तासभर आधीच येऊन खाटेवर तालीम करत होता.

धाडकन दार उघडलं. निळ्या पोशाखातली बाई आत घुसली.

'पहिली उमेदवार आली!' हॉलिसच्या मनात आलं, आणि तो पेटला.

"मेलो! मेलो गं बाई! इथे, बरगडीखाली! खांद्यापर्यंत कळ जातेय!"

"शांत, शांत! शहाणा ना तू?" वर्लीनने त्याचं डोकं धरून कानामागे खाजवलं. "हलायचं नाही. काय खाल्लंस?"

"तळलेली कोंबडी."

"हाडांसकट?"

हॉलिस क्षणभर गडबडला. संहितेत हाडांचा उल्लेख नव्हता. "नाही," तो कण्हला. "हाडं काढून."

"मग पित्ताशय!" वर्लीन म्हणाली. आणि मंडळी, ते अगदी बरोबर होतं! कागदावर तेच लिहिलं होतं! ती तिथेच थांबली असती तर तिच्या पदरात पैकीच्या पैकी मार्क पडले असते. बघायलाही कुणी नव्हतं म्हणा, सगळे डोनट खात होते.

तिने फोन काढला आणि आणीबाणीचा नऊ-एक-एक फिरवला. "मडी क्रीक कॉलेज! चार नंबरची खोली! माणूस तळमळतोय, लगेच या!"

हॉलिसच्या अंगावर रोमांच उभे राहिले. काय तयारीची बाई! काय ते फोनवरचं बेअरिंग! समोर असा जोडीदार वीस वर्षांत मिळाला नव्हता. आता आपण कमी पडून चालणार नाही. त्याने डावा हात छातीवर दाबला.

"आता छातीतपण! हात बधिर झालाय! डोळ्यांपुढे अंधार..."

"छातीतपण दुखतंय!" वर्लीन फोनमध्ये किंचाळली. "डोळे फिरवतोय!"

हॉलिसने लगेच डोळे फिरवले.

गावची रुग्णवाहिका अग्निशमन केंद्रात, आणि ते रस्त्याच्या पलीकडेच. फोन ठेवेपर्यंत सायरन दारात! रमोना नावाची एक दणकट बाई आणि एक काडीसारखा सहकारी स्ट्रेचर घेऊन आत आले. रमोनाने निळा पोशाख पाहिला आणि सरळ वर्लीनकडे वळली. "सिस्टर, रिपोर्ट द्या."

सिस्टर! वर्लीनचा ऊर भरून आला. अठरा वर्षं डॉक्टर यॉडरना जसा रिपोर्ट द्यायची तसाच तिने ठणठणीत आवाजात दिला. "नर! वय साधारण साठ! वजन जास्त आहे, खाण्यावर ताबा नाही! नाक कोरडं! हात लावू देतो, गुरगुरत नाही! लशी पूर्ण आहेत का ते मालकाला..." इथे तिने जीभ चावली. "बायकोला विचारावं लागेल!"

रमोनाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण वेळ नव्हता. ती हॉलिसवर वाकली. "काका, तुमचं नाव?"

हॉलिसची इथे पंचाईत झाली. स्ट्रेचर खरं दिसत होतं. पण कॉलेजने खर्चाला हात सैल सोडला नसेल कशावरून? आणि घंटा कुठे वाजली होती?

"अर्नेस्ट बिगरस्टाफ," तो क्षीण आवाजात म्हणाला. "तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होतो."

काडी सहकाऱ्याने त्याच्या खिशातलं पाकीट काढलं. "लायसनवर हॉलिस फेनविक आहे."

"काका, तुमचं नाव हॉलिस ना?"

"हॉलिस? मी नाही ओळखत कुणा हॉलिसला," हॉलिस म्हणाला. हे त्याने इतकं सुंदर म्हटलं की त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

रमोनाचा चेहरा बदलला. "स्वतःचं नाव विसरलाय! मेंदूतपण गडबड आहे! पोट, छाती आणि मेंदू एकदम! आपल्या इस्पितळात नाही जमायचं हे."

जमणार कसं? टकर्सबर्गच्या इस्पितळातला हृदयाचा विभाग दोन वर्षांपूर्वी बंद झाला होता, नफा होत नाही म्हणून. बाळंतपणाचा त्याआधीच. आता तिथे कँटीन, तपासणीच्या दोन खोल्या आणि 'तुमचं आरोग्य, आमचा ध्यास' असा भला मोठा बोर्ड, एवढंच उरलं होतं. गावकऱ्यांना पायाचं हाड मोडेपर्यंतच आजारी पडायची मुभा होती. त्यापुढचं सगळं राजधानीला, कोलंबसला, हेलिकॉप्टरने!

कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. धुळीचा लोट उठला. सगळे उमेदवार खिडक्यांना चिकटले.

"बापरे! एवढी मोठी परीक्षा?" एक पोरगा म्हणाला.

"मला वाटलं नुसतं बोलायचं असतं!" केस बांधलेली पोरगी रडवेली झाली. "हेलिकॉप्टर मी कुठून आणू?"

वर्लीन स्ट्रेचरबरोबर धावत होती, एका हाताने हॉलिसला थोपटत होती. त्याला आत चढवल्यावर खिडक्यांमधून टाळ्या पडल्या. तिने हात हलवला. टाळी कशाची, हे तिला कळलं नाही. पण आली ती घ्यावी, एवढं तिला कळत होतं.

हेलिकॉप्टर हललं तेव्हा हॉलिसला दोन गोष्टींचा साक्षात्कार झाला. एक म्हणजे हे नाटक नाही. आणि दुसरी म्हणजे आपल्याला उंचीची भीती वाटते.

"थांबा! थांबाऽऽ! मी पेशंट नाही! मी नट आहे!"

"हो काका, आहात तुम्ही नट," आतली नर्स त्याचे पट्टे आवळत म्हणाली.

"मी गाद्या विकतो हो!"

"मघाशी खाण म्हणाले, मग नट, आता गाद्या," नर्सने पायलटला कळवलं. "जरा जोरात घ्या. झपाट्याने बिघडतंय."

इकडे डॉक्टर ऑस्ट्रँडर आणि दोन परीक्षक परत आले. तिघांच्या ओठांवर डोनटची साखर. चार नंबरमधली खाट रिकामी! शेजारी वर्लीन घामाघूम, विजयी मुद्रेने उभी.

"इथला पेशंट कुठे आहे?" ऑस्ट्रँडर बाईंनी विचारलं.

वर्लीनने आभाळाकडे बोट केलं. "वर गेला."

ऑस्ट्रँडर बाई मटकन खाटेवर बसल्या. "कधी?"

"आत्ताच! मी होते शेवटपर्यंत. हात धरूनच होते."

"हॉलिस... देवा! काल तर मला गादी दाखवत होता! त्याच्या बायकोला कुणी कळवायचं?"

"ते रमोना बघेल. पण मॅडम, वेळेत पाठवला म्हणून. नाहीतर इथेच मेला असता!"

"इथेच... म्हणजे? मेलेला नाही?"

"छे! हेलिकॉप्टरने गेला!"

पुढची काही मिनिटं मी सांगत नाही. काही शब्द विभागप्रमुख बाईंच्या तोंडी शोभणारे नव्हते. सारांश असा, की वर्लीनला कळलं, आपण गादीवाल्याला बऱ्या अवस्थेत राज्याच्या राजधानीकडे रवाना केलं आहे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत थेट इस्त्रीच्या विजारीवाल्या पोरींसारखा पांढरा झाला.

"मला कुणी सांगितलं नाही," ती पुटपुटली.

"सगळ्यांना सांगितलं! तुम्ही कुठे होतात?"

'बाथरूममध्ये, वेल्डिंगवाल्याला घाबरून' हे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

तेवढ्यात दोन परीक्षकांपैकी एकाने घसा खाकरला. नियम म्हणजे या माणसाचा प्राण. "परीक्षा तर घ्यावीच लागेल. आजच. बाहेर एवढी मुलं बसलीयेत. आणि पेशंट नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी वर्लीनकडे पाहिलं.

"टॅकेट बाई," ऑस्ट्रँडर बाई दात आवळून म्हणाल्या, "आडव्या व्हा."

आणि मंडळी, ती आडवी झाली! दुसरं करणार काय? निळ्या पोशाखावर इस्पितळाचा मागून उघडा झगा चढवला आणि बाई पांघरूण ओढून पडली. एकेक उमेदवार आत येऊ लागला. वर्लीनने पोट धरून कण्हायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमेना. तिला दिसत होती दवाखान्यातली ती काच. दिसत होता डेलबर्टचा पेपरावरून वर आलेला एक डोळा. दोन वर्षं पाठ केलेली हाडं आठवत होती. आणि ती जी रडायला लागली!

"काय होतंय तुम्हाला?" केस बांधलेल्या पोरीने हळूच विचारलं.

"सगळं संपलं गं बाळा," वर्लीन हुंदके देत म्हणाली. "माझं मीच वाटोळं केलं!"

पोरीने तिचा हात हातात घेतला. तो धरून नुसती बसून राहिली. शेजारच्या खोलीत दोन परीक्षकांनी डोळे पुसले आणि पोरीला पैकीच्या पैकी दिले. पुढच्या पोरालाही. त्याच्या पुढचीलाही. इतकं खरं दुःख समोर असल्यावर दगडालाही पाझर फुटला असता. त्या वर्षी मार्कांनी कॉलेजचा आजवरचा उच्चांक मोडला!

शेवटी वर्लीनची स्वतःची मुलाखत झाली. अंगावर झगा तसाच. नियमवाल्याने छापील प्रश्न वाचला, "दबावाखाली शांत राहून तुम्ही योग्य निर्णय घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा."

वर्लीनने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. तिथली धूळ अजून बसायची होती.

"दुसरा प्रश्न विचाराल का?" ती म्हणाली.

निकाल लागला. बाकीच्यांचे मार्क आभाळाला टेकलेले, त्यामुळे वर्लीन थेट प्रतीक्षा यादीत, आणि तिथेही तळाला. जिच्या अश्रूंवर सगळे पार झाले, ती एकटी काठावर! ती दोन दिवस स्वयंपाकघरात बसून राहिली. डेलबर्टने न सांगता फ्रीजवरची हाडं काढून ठेवली, आणि मग न सांगताच परत लावली.

हॉलिस तिसऱ्या दिवशी बसने परतला. कोलंबसच्या डॉक्टरांनी त्याला नखशिखांत तपासलं होतं आणि तो ठणठणीत निघाला होता. तो अजिबात रागावला नव्हता! "सात डॉक्टर," तो गादीच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचा, "सात डॉक्टरांनी मला अर्नेस्ट मानलं! यापुढे दुसरं काही करणं म्हणजे माझा अपमान." एवढं म्हणून त्याने कॉलेजची पेशंट व्हायची नोकरी सोडली आणि अभिनयातून निवृत्ती घेतली. कॉलेजचे आणि इस्पितळाचे वकील मात्र अजूनही एकमेकांना पत्रं लिहितायत.

पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रँडर बाईंचा फोन आला. आवाजात साखर होती, या वेळी डोनटची नव्हे. वर्लीनने सगळं ऐकून घेतलं, एकदा "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. दवाखान्यातली काच बसली होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

शनिवारी डेलबर्ट किराणा आणायला गेला तेव्हा मटणाच्या काउंटरवरच्या माणसाने सुरी थांबवून विचारलं, "काय रे, वर्लीनला नर्सिंग कॉलेजात घेतलं म्हणे?"

"घेतलं."

"अरे वा! मग काय शिकतेय सध्या?"

"शिकत नाही," डेलबर्ट म्हणाला. "सध्या तिच्या पोटात दुखतंय. सोमवारपासून छातीत."